वाळू झटका आणि कड्यावर या

बोर्नमथला आपण मराठी माणसं जातो ती समुद्रासाठी. डब्यात दशम्या, गाडीत बादल्या-फावडी, संध्याकाळी परतीच्या ट्रॅफिकची धास्ती. पिअरपासून जवळच, ईस्ट क्लिफच्या कड्यावर, टोकदार टोप्या घातलेल्या मनोऱ्यांचं एक घर उभं आहे. त्याच्याकडे मान वर करून बघायचंही राहून जातं. माझंही कित्येक वर्षं तसंच झालं, आणि त्याची मला खंत आहे.

हे ईस्ट क्लिफ हॉल. हॉटेलमालक मर्टन रसेल-कोट्स यांनी पत्नी ॲनी यांना १९०१ मध्ये वाढदिवसाची भेट म्हणून दिलेलं. वास्तुरचनाकार जॉन फ्रेडरिक फोगर्टी. व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या वर्षांत बांधकाम सुरू झालं आणि त्या काळाची सगळी हौस या घरात उतरली: बांधणीत इटलीही आहे आणि स्कॉटलंडही, जेवणघराच्या भिंतीवर मोरांची नक्षीपट्टी, एका बाजूला अल्हाम्ब्राची आठवण करून देणारा मूरिश कोनाडा. मधल्या दिवाणखान्यात कारंजं आहे. त्याच्यापाशी उभं राहून वर बघा. रंगीत काचेत रात्रीचं आकाश भरलंय, ताऱ्यांमधून घुबडं आणि वटवाघळं उडताहेत. भरदुपारी उन्हानं उजळलेली ती रात्र बघताना माझी मुलगी गप्प झाली होती. ती सहसा गप्प होत नाही.

नवरा-बायकोनं हयातीतच हे घर चित्रसंग्रहासकट गावाला देऊन टाकलं. आज ते सार्वजनिक संग्रहालय आहे, आणि वारसा यादीत ग्रेड दोन-तारांकित. यादीत नाव आलं म्हणजे घर सुरक्षित झालं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. परवानगीशिवाय कुणी त्यात फेरफार केला तर तो गुन्हा ठरतो, पण छप्पर दुरुस्त करायला ती यादी एक पौंडही देत नाही. खारं वारं मात्र रोज येतं. काचांना आधार देणारं लोखंड गंजलं की फुगतं, काच तडकते, फटीतून पाणी शिरतं. खुद्द कडाही निर्धास्त नाही. २०१६ मध्ये याच ईस्ट क्लिफवर दरड कोसळली आणि १९०८ ची क्लिफ लिफ्ट बंद पडली.

पैशाचं गणित तर उलटंच आहे. इंग्लंडमध्ये ग्रंथालयं चालवणं परिषदांना कायद्यानं बंधनकारक आहे, संग्रहालयं चालवणं नाही. तिजोरीत खडखडाट झाला की कात्री कुठे लागते, हे वेगळं सांगायला नको. नव्या घराच्या बांधकामावर व्हॅट शून्य, जुन्याच्या दुरुस्तीवर २० टक्के! हा नियम बदलायलाच हवा. संसदेच्या याचिकेवर १०,००० सह्या झाल्या की सरकारला उत्तर द्यावं लागतं. तेवढ्या सह्या जमवणं आपल्या मंडळांना जड नाही.

बोर्नमथ, पूल, क्राइस्टचर्चमध्ये राहणाऱ्यांना एक विशेष विनंती. तुमचा पासपोर्ट भारतीय असला, तरी इथे कायदेशीर वास्तव्य असेल तर परिषदेच्या निवडणुकीत तुम्हाला मत आहे. नाव नोंदवा. आपल्या नगरसेवकाला पत्र लिहा, आणि त्यात एकच प्रश्न विचारा: यंदा ईस्ट क्लिफ हॉलच्या छपरासाठी किती रक्कम ठेवली आहे? उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा.

बाकीच्यांनी तिकीट काढून आत यावं. हिवाळ्यात या, पावसात या, गर्दी नसते तेव्हा तर नक्कीच या. मुलांना कारंज्यापाशी उभं करा आणि वर बघायला सांगा.