सातव्या वर्षाचा हिशेब



नरक चतुर्दशीला पायाच्या अंगठ्याने नरकासुर म्हणून कारीट फोडायचं आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा, ही रीत कोकणात आणि गोव्यात आजही पाळली जाते. कारीट बांधाच्या कडेला आपसूक उगवतं. त्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी. पराग चिकट, वाऱ्यावर उडणारा नव्हे. एखादी माशी नर फुलात लडबडून मादी फुलात शिरली, तरच फळ धरतं. थोडक्यात, नरकासुराच्या वधालाही माशी लागते.

करंजीच्या सारणातला वेलदोडा मधमाशीवाचून धरत नाही. कांद्याच्या बियाण्याचंही तेच. डेंगळ्यांवर माशी फिरकली नाही तर बी भरत नाही, म्हणून बीजोत्पादन घेणारे शेतकरी मधपेट्या भाड्याने आणतात. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक पिकं कमी-अधिक प्रमाणात परागवाहक प्राण्यांवर अवलंबून आहेत, असं आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंचाचा २०१६चा अहवाल सांगतो.

मग पेट्याच वाढवल्या की झालं, असं वाटेल. पण वांग्याचं फूल जरा जवळून पाहा. परागकोशांच्या पिवळ्या नळ्या मिटलेल्या असतात, टोकाला फक्त बारीक छिद्र. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न हलवता अंग थरथरवतो आणि मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग खाली झडतो. पेटीतल्या सातेरी माशीला हे जमत नाही. भुंगा पेटीत राहत नाही. तो वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर कोरतो. जगात मधमाशी-भुंग्यांच्या २० हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य एकेकट्या, जमिनीत बीळ करून राहतात. त्यांना हवी असते उघडी माती, न कापलेलं गवत, वठलेलं खोड आणि बारा महिने काही ना काही फुललेलं: श्रावण-भाद्रपदात तेरडा आणि सोनकी, दिवाळीला कारळा, शिमग्याला पळस-पांगारा, पुढे करंज, जांभूळ, हिरडा.

अशी जागा आता खासगी शेतात फारशी उरली नाही. बांध नांगरले गेले, तणनाशक आलं. राहिली ती सार्वजनिक जमीन: गायरानं, टेकड्या, कालव्यांचे आणि रस्त्यांचे काठ, देवराया. यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग याच जमिनींवर आहे. त्यातले लेख वाचकांनी वाचावेतच. इथे मला बोलायचं आहे ते पैशांबद्दल.

पैसा नाही अशी ओरड आता खरी नाही. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं भाग आहे. जमीन वनखात्याची किंवा ग्रामपंचायतीची, पैसा कंपनीचा, काम संस्थेचं, अशी त्रिपक्षीय भागीदारी आज अनेक टेकड्यांवर दिसते. ती चांगलीच आहे. अडचण आहे ती ही भागीदारी काय मोजते याची. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्याने आधी दोन, मग चार, तेरा आणि तेहतीस कोटी झाडं लावण्याची उद्दिष्टं ठेवली. सगळा हिशेब रोपांचा. गवताळ माळाच्या जागी रोपांच्या रांगा आल्या, तरी अहवालात ती भरच ठरते. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी लावलेलं गिरिपुष्प आजही बघता येतं. ते उन्हाळ्याच्या तोंडी फुलतं, भुंगेही येतात. पण त्या एका बहरानंतर वर्षभर त्यांनी खायचं काय?

दुसरी अडचण मुदतीची. कंपनी-निधीच्या नियमांत 'चालू प्रकल्प' म्हणजे सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. आणि कारवी फुलते सात-आठ वर्षांतून एकदा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६मध्ये फुलली, त्यानंतर थेट २०२४मध्ये. ज्या झुडपाच्या बहरावर सह्याद्रीतले माशी पाळणारे डोळे लावून असतात, त्याचं पहिलं फूल येईपर्यंत अनुदानाची फाइल बंद होऊन कपाटात गेलेली असते.

सांभाळणं म्हणजे कुंपण घालणंही नव्हे. कास पठाराला २०१२मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, गर्दी वाढली, तारेचं कुंपण आलं. गुरांची चराई थांबली तसं गवत माजलं आणि ठेंगण्या फुलझाडांना ते जाचू लागलं. अखेर कुंपण काढायचं ठरलं. तिथे येणाऱ्यांकडून शुल्क घेऊन आसपासच्या गावांच्या समित्या राखण करतात, हा कासचा खरा धडा. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथे जंगल राखलं जातं, कारण पेटीतला मध त्याच जंगलातून येतो.

मुदतीचं म्हणाल तर, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९८८पासून रस्त्यांच्या कडेला मूळच्या गवताळ कुरणातला झाडोरा परत आणण्यासाठी कायमचा निधी आहे. त्यातून जिल्हा प्रशासनांना बियाण्यासाठी पैसे मिळतात, तसेच यंत्रं आणि प्रशिक्षणासाठीही. काही अपवाद सोडले तर १५ जुलैपूर्वी रस्त्याकडेचं गवत कापायला कायद्यानेच मनाई आहे. कधी कापायचं नाही हेही तिथे कामच मानलं जातं.

आपल्याकडे २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती नेमायला सांगितलं आहे. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर आहे. तिला करारातला चौथा पक्ष करा. रोपांच्या आकड्याऐवजी कोणत्या महिन्यात काय फुललं आणि त्यावर कोण आलं, याची नोंद मागा. लागवडीच्या रकमेतला एक हिस्सा बाजूला ठेवून गावातल्याच एखाद्या राखणदाराला सात वर्षं पगार द्या. आणि फलकावर देणगीदाराचं नाव लिहायचंच असेल तर ते सातव्या वर्षाची पाहणी झाल्यावर लिहा. कंपन्यांना हे गैरसोयीचं वाटेल, खात्यांना त्याहून जास्त. पण तिसऱ्या वर्षी हात काढून घेणारा तो देणगीदार. भागीदार म्हणवायचं तर सातव्या वर्षीही जमिनीवर दिसायला हवं.

दिवाळी अंकवाल्यांना हे सांगायचा थोडा अधिकार आहे. आमचाही संसार जाहिरातींवर चालतो, आणि एकदाच जाहिरात देणाऱ्यांच्या जोरावर कोणताही अंक टिकत नाही.  

— संपादक