हातातले कौशल्य आणि पदरातला हिशेब

शिवणकामाचा अभ्यासक्रम पूर्ण करून एखादी तरुणी प्रमाणपत्र मिळवते, कर्ज काढून यंत्र विकत घेते आणि गावच्या पेठेत लहानसे दुकान थाटते. तिची टीप सरळ पडते, बेतणे नेटके असते, गिऱ्हाइकेही येतात. तरीही वर्षाच्या आत दुकानाला कुलूप लागते. असे का घडावे?

समजा, ती एका ब्लाउजची शिलाई 200 रुपये घेते आणि महिन्यातील 25 दिवस रोज दोन ब्लाउज शिवते. महिन्याची आवक 10,000 रुपये झाली. पण अस्तर, दोरा, हूक आणि वीज यांवर नगामागे 70 रुपये, म्हणजे एकूण 3,500 रुपये गेले. गाळ्याचे भाडे 2,000 रुपये. कर्जाचा हप्ता आणि यंत्राची डागडुजी 1,500 रुपये. उरले 3,000 रुपये, म्हणजे दिवसाला अवघे 120. त्यात शेजारपाजारची उधारी थकली, तर तेवढेही हाती पडत नाहीत. तिचे कौशल्य कमी पडले नाही; त्या कौशल्याचे मोल कसे ठरवावे, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते.

आपल्या व्यवसाय शिक्षणातील मोठी उणीव येथेच आहे, असे मला वाटते. आपण हाताला वळण लावतो. परंतु खर्च काढणे, दर ठरवणे, गिऱ्हाइकाची गरज ओळखणे आणि उधारी वसूल करणे या गोष्टी विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडून देतो.

यावर काही जण म्हणतील, 'उद्योजकता शिकवून येत नाही, ती रक्तातच असावी लागते.' लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण पाहा. ते मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक होते. पुढे त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले आणि लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता. पण लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे तो खपेना. वस्तू चांगली असणे पुरेसे नसते, घेणाऱ्याचा विश्वासही मिळवावा लागतो, हा धडा त्यांना अनुभवाने मिळाला. 1910 साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, त्यामागे हे शिकणे होते. जे अनुभवाने शिकता येते, त्याचा अनुभव शिक्षणातच का देऊ नये?

तसा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी झाला आहे. अन्नतंत्रज्ञानातील संशोधक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा अर्धवट सुटलेली मुलेही तेथे जोडकाम, बांधकाम, शेती, पशुपालन आणि वीजजोडणी ही कामे प्रत्यक्ष करत शिकतात. विशेष म्हणजे, ती गावाला हवी असलेली कामे मोबदला घेऊन करून देतात. गिऱ्हाईक खरे असल्यामुळे चूकही खरी ठरते. फाटकाचे माप चुकले, तर गुण कमी होऊन भागत नाही. फाटक पुन्हा करून द्यावे लागते. असा धडा विद्यार्थी सहसा विसरत नाही.

दुसरे उदाहरण कर्नाटकातील उजिरे येथील आहे. धर्मस्थळाचे डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने आणि दोन बँकांच्या साहाय्याने 1982 साली तेथे ग्रामीण तरुणांसाठी स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था निघाली. पुढे याच धर्तीवर देशभरातील जिल्ह्यांत बँकांमार्फत अशा संस्था स्थापन झाल्या. प्रशिक्षण अल्पकाळाचे आणि पाठपुरावा दीर्घकाळाचा, हे या पद्धतीचे सूत्र आहे. धंदा अडखळतो तो सहसा वर्गात नव्हे, तर वर्ग सुटल्यानंतर. म्हणून विचारपूस करणारे कोणी तरी तेव्हाच हवे असते.

मात्र एक इशारा देणे आवश्यक आहे. प्रत्येकाने उद्योजक व्हावे, असा आग्रह धरणे योग्य नव्हे. नोकरी मिळत नाही म्हणून टाकलेली टपरी आणि विचारपूर्वक उभारलेला उद्योग यांत अंतर आहे. भांडवल, रस्ते, वीज आणि बाजारपेठ यांची जबाबदारी समाजाने आणि शासनाने झटकून, 'तू धडपड केली नाहीस,' असा ठपका गरिबावर ठेवणे हा अन्यायच होय. शिवाय, ज्याला नोकरीच करायची आहे, त्यालाही हे शिक्षण वाया जात नाही. आपल्या श्रमाची किंमत ज्याला कळते, त्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही.

म्हणून प्रत्येक व्यवसाय अभ्यासक्रमाच्या परीक्षेत एक काम खऱ्या गिऱ्हाइकाचे असावे. विद्यार्थ्याने त्याचा अंदाजखर्च काढावा, दर सांगावा, काम वेळेवर पूर्ण करावे आणि जमाखर्च लिहून दाखवावा. याला मोठ्या इमारती लागत नाहीत. एक वही, एक पेन्सिल आणि शिक्षकाची तळमळ पुरेशी आहे. त्या तरुणीच्या दुकानात यंत्राशेजारी जर अशी एक वही असती, तर आपला दर परवडत नाही, हे तिला पहिल्याच महिन्यात कळले असते, आणि दुकान बंद करण्याआधी दर बदलण्याचा मार्ग तिला मोकळा राहिला असता.