पोकळ तारण



बँकेच्या नोकरीत गोदाम तपासणीचे काम माझ्या वाट्याला बरेच आले. कर्जासाठी तारण ठेवलेल्या पोत्यांची थप्पी समोरून भक्कम दिसे. स्टॉक रजिस्टर, विमा, मासिक विवरणपत्र, सारे जागच्या जागी असे. तरीही आमचे जुने साहेब सांगत, की थप्पीवर चढून मधले पोते पाहिल्याशिवाय सही करू नये. क्वचित मधोमध कोंड्याची पोती निघत, क्वचित नुसतीच पोकळी. अशा तारणाला आम्ही ‘पोकळ तारण’ म्हणत असू. निवृत्तीनंतर हा शब्द पुन्हा आठवावा असा प्रसंग यंदाच्या पावसाळ्यात आला; मात्र तो पोत्यांचा नव्हता, सायलेन्सरचा होता.

माझ्या भाच्याचा कर्जतला तांदूळ व किराणा मालाचा घाऊक व्यवसाय आहे. त्याची २०१८ सालची डिझेल पिकअप चौक, खालापूर, खोपोलीकडील दुकानांना व फार्महाऊसना माल पोहोचवते. आपल्या भागातला चार महिन्यांचा पाऊस, चिखल आणि खड्डे यांनी गाडीखालचे लोखंड लवकर गंजते. एके दिवशी गाडीचा आवाज वाढला, ओढ कमी झाली, म्हणून ती गॅरेजमध्ये नेली. तेथील मेकॅनिक म्हणाला, “शेठ, कन्व्हर्टरची आतली जाळी फुटलीय. नवीन टाकायचा तर खर्च मोठा आहे. मी डबा कापतो, जाळी काढतो आणि परत वेल्डिंग मारतो. बाहेरून कुणाला कळणार नाही, आणि पीयूसीपण निघेल.” भाच्याने मला फोन केला. “मामा, बऱ्याच जुन्या गाड्यांना असंच करतात म्हणे. करून टाकू का?”

मी त्याला म्हटले, “गाडी तिथेच ठेव, मी येतो.”

ही जाळी म्हणजे काय, ते आधी पाहू. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा एक्झॉस्टच्या नळीत, सायलेन्सरच्या आधी बसवलेला डबा असतो. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची, बहुधा चिनी मातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. तापलेला धूर त्यातून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि अर्धवट जळालेल्या इंधनाची वाफ जळून जाते. पेट्रोल व सीएनजी गाड्यांत ऱ्होडियमच्या साहाय्याने नायट्रोजनची घातक संयुगेही कमी होतात. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला. पुढे मानके कडक होत गेली, तशी डिझेल मालवाहू गाड्यांतही अशी योजना आली. भारत स्टेज चार हे मानक देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून लागू झाले.

आता कायदा. प्रत्येक जुन्या पिकअपला कन्व्हर्टर बसवलाच पाहिजे, असे नाही. गाडी ज्या मानकास मान्य होऊन कारखान्यातून बाहेर पडली, त्या मानकासाठी दिलेली यंत्रणा तिच्यात कायम राहिली पाहिजे. ज्या जुन्या डिझेल गाडीला तो मुळातच नव्हता, तिला साधा सायलेन्सर बदलून चालतो. जिला होता, तिचा काढता येत नाही. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ मालकाला मूळ रचनेत परस्पर फेरफार करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि शिवाय तीन महिने परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. जबाबदारी मेकॅनिकवर ढकलता येत नाही, कारण आरसीवर नाव मालकाचे असते.

“पण मामा, पीयूसी निघते ना?” भाच्याचा हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. उत्तर असे, की बहुधा निघतेही. डिझेल गाडीच्या पीयूसीत इंजिन उभ्या जागी जोरात फिरवून धुराची घनता, म्हणजे काळेपणा, तेवढी मोजतात. कन्व्हर्टर जे मुख्यतः अडवतो तो कार्बन मोनॉक्साइड आणि इंधनाची वाफ, यांना रंग नसतो. म्हणून डबा पोकळ असूनही प्रमाणपत्र मिळू शकते. कागद खरा, तपासणी खरी, आणि तारण मात्र पोकळ. गोदामात सही करण्यापूर्वी मधले पोते पाहा म्हणणाऱ्या साहेबांचे बोल मला इथे आठवले.

या पोकळीची किंमत चुकवतो कोण? पहाटे आपल्याच गाळ्यापुढे गाडी सुरू ठेवून माल भरला जातो, तेव्हा हमाल तिच्या मागे उभे असतात. बाजारपेठेच्या अरुंद गल्लीत शाळेची मुले त्या धुरातून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर मानवात कर्करोग घडवणारा ठरवला. आपल्या खतावणीत वाचलेला खर्च त्यांच्या छातीत नावे पडतो.

व्यापारी म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आरसीवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचे उत्सर्जन मानक पाहावे आणि चेसिस क्रमांक देऊन कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे मूळ भाग कोणता, याची खात्री करावी. दुसरी, नेमके काय बिघडले ते वेगळे करून घ्यावे. पुष्कळदा गंज फक्त मागच्या सायलेन्सरला लागलेला असतो. तेवढाच बदलला तर कन्व्हर्टरला हात लावण्याची गरज नसते. तिसरी, जाळी फुटली वा तुंबली असेल तर कारण शोधावे. इंजिन ऑइल जाळत असेल, इंजेक्टर जास्त डिझेल सोडत असेल, तर नवी जाळीही टिकत नाही. चौथी, पक्के बिल घ्यावे, त्यावर भागाचा क्रमांक असावा. नियमित जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास मालवाहू गाडीच्या सुट्या भागांवरील इनपुट टॅक्स क्रेडिट मिळते; बिनबिलाच्या स्वस्ताईत ते बुडते.

पाचवी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. काढलेली जुनी जाळी गॅरेजमध्ये सोडून येऊ नये. तिच्यात मौल्यवान धातू असतात, आणि ‘काढून टाकतो’ म्हणणाऱ्याचा नफा पुष्कळदा तिथेच असतो. या धातूंच्या लोभाने उभ्या गाड्यांखालून कन्व्हर्टर कापून नेल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. म्हणून बिनबिलाचा जुना कन्व्हर्टर स्वस्त मिळाला, तर तो कोणाच्या गाडीखालून आला असेल, याचा विचार करावा. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे आणि खऱ्याच्या जागी बनावट चालवणे, ही दोन्ही गणली आहेत, हे आपणांस सांगण्याची गरज नाही.

भाच्याच्या गाडीची जाळी खरोखरच फुटली होती, आणि एक इंजेक्टरही सदोष निघाला. भाग मागवण्यात चार दिवस गेले. त्या काळात भाड्याचा टेम्पो करावा लागला, आणि एका गिऱ्हाइकाने त्या आठवड्यापुरता माल दुसरीकडून घेतला. खर्च झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. जुना डबा मात्र भाच्याने स्वतः घरी आणला आणि पावती घेऊन विकला. त्यातून खर्चाचा लहानसा भाग भरून निघाला.

परवा त्याच्याकडे गेलो, तेव्हा गाळ्यापुढे तांदळाची पोती भरली जात होती. इंजिन बंद होते. मी विचारले, तर म्हणाला, “मामा, माल भरताना बंदच ठेवतो आता. मागे मुकादम उभा असतो.”

आपल्या अंगणातल्या गाडीखाली एकदा वाकून पाहावे, एवढीच विनंती. डबा दिसेलच, तो भरलेला आहे की पोकळ, हे मात्र विचारल्याशिवाय कळणार नाही.