घरचा आहेर

परवा ऑफिसला जाण्याआधी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आम्ही चौघं उभे होतो. एकाच्या मोबाईलवर क्लिप आली. वीस-पंचवीस सेकंदांची असेल. गडकरी साहेब कुठल्यातरी कार्यक्रमात बोलत होते, नेहमीसारखे, हात हलवत. क्लिप संपायच्या आधीच पहिला प्रश्न आला, "हे कोणाला हाणलं बे?"

"अजून कोणाला? दिल्लीलाच."

"नाही ना भाऊ, हे मुंबईवाल्यासाठी आहे."

यावर पोहे संपेपर्यंत चर्चा झाली. मग चहा. मग निघालो. गाडी सुरू करताना लक्षात आलं की ते बोलले कोणत्या विषयावर, हे चौघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. मलाही नाही.

दिवसभर तेच डोक्यात राहिलं, म्हणून हा वीकेंडचा लेख.

नागपूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात. नितीन गडकरी १९८९ पासून २०१४ पर्यंत विधान परिषदेत होते, आमच्याच पदवीधर मतदारसंघातून. १९९५ ते ९९ राज्यात सार्वजनिक बांधकाम मंत्री. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि मुंबईतले उड्डाणपूल त्या काळातले. 'रोडकरी' हे नाव तेव्हापासूनचं. मग २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन लोकसभा नागपुरातून जिंकल्या, आणि २०१४ पासून केंद्रात रस्त्यांचं खातं त्यांच्याकडे. त्यांना मत देणारा असो की न देणारा, नागपूरकर एक गोष्ट कौतुकानं सांगतो: "माणूस मनात आहे ते बोलते." आणि ते बोलले की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला. 'गडकरींचा सरकारला घरचा आहेर'. नाहीतर 'नाव न घेता टोला'. नाहीतर 'कानपिचक्या'. मला तर वाटतं, न्यूजरूममध्ये या तिघांसाठी कीबोर्डवर वेगळी बटणं असतील :)

आता माझ्या आयुष्यातला पहिला 'घरचा आहेर' सांगतो. ऑगस्ट २०१८. मी इंजिनिअरिंगच्या सातव्या सेमला होतो, प्लेसमेंटचा हंगाम सुरू झाला होता आणि मी दोन कंपन्यांच्या ॲप्टिट्यूडमध्येच उडालो होतो. राज्यात मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं. तेव्हाच्या औरंगाबादमध्ये पत्रकारांनी गडकरींना त्यावर विचारलं. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता: समजा आरक्षण दिलं, पण नोकऱ्या कुठे आहेत? झालं. राहुल गांधींनी ट्विट केलं की प्रश्न उत्तम आहे आणि प्रत्येक भारतीय हाच विचारतोय. चॅनलवर दिवसभर 'गडकरींचा मोदींना घरचा आहेर'. मीही ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं, "बघा, मंत्रीच म्हणतात नोकऱ्या नाहीत. मला बोलू नका."

माझे बाबा राष्ट्रीयकृत बँकेतून रिटायर झालेले. लेजरवर हातानं पोस्टिंग करण्यापासून कोअर बँकिंगपर्यंत सगळं त्यांनी खुर्चीवर बसून पाहिलेलं. संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "पूर्ण ऐकलंस का ते काय म्हणाले?"

"हो ना. नोकऱ्या नाहीत म्हणाले."

"त्याच्या पुढचं. बँकेतल्या नोकऱ्या आयटीमुळे कमी झाल्या, असं म्हणाले. सरकारी भरती बंद आहे, हे त्यानंतर. आमच्या ब्रँचला मी लागलो तेव्हा होते त्याच्या अर्धेही लोक मी सुटलो तेव्हा नव्हते. आणि तू आयटीतच चाललास ना?"

मी भाताकडे बघत राहिलो.

आज मी एका बँकेच्याच सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर आहे. माझ्या टीमनं लिहिलेलं एक मॉड्यूल रात्री दोन वाजता जे काम वीस मिनिटांत करतं, त्यासाठी पूर्वी माणसं मार्चअखेर रात्रभर ब्रँचमध्ये बसायची. म्हणजे त्या विधानाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग थेट माझ्याबद्दल होता. यंत्रानं नोकरी खाल्ली तर आरक्षणाचा अर्थ काय उरतो, खेड्यातून शिकून आलेल्या पोरानं कुठे जायचं, हे प्रश्न त्या एका उत्तरात होते. त्यावर महिनाभर चर्चा व्हायला हवी होती. झाली ती अशी: गडकरी नाराज आहेत का? पंतप्रधानपदाच्या शर्यतीत आहेत का? नागपुरातून, म्हणजे संघाकडून, काही संकेत आहे का?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसरा प्रसंग. कलर्स मराठीवरच्या एका कार्यक्रमात नाना पाटेकरांसोबत गप्पा मारताना ते हसत हसत म्हणाले की आपण सत्तेत येऊ असं वाटतच नव्हतं, म्हणून आश्वासनं देऊन टाकली. आता लोक आठवण करून देतात तेव्हा आम्ही हसतो आणि पुढे जातो. ती क्लिप देशभर फिरली, पंधरा लाखांशी जोडली गेली. गडकरींचं म्हणणं होतं की विषय महाराष्ट्रातल्या टोलचा होता, मोदींचा नाही, आणि राहुल गांधी मराठी कधी शिकले? टाळ्या घेणारं उत्तर! पण मराठी आपल्याला तर येतं ना राजेहो? टोलबद्दल दिलेल्या आश्वासनाचं पुढे काय झालं, हे आपण तरी विचारलं का? दोन्ही बाजू मोदींवर भांडत बसल्या आणि टोल शांतपणे बाजूला झाला.

मग मार्च २०२४. लोकसभा तोंडावर. एका हिंदी मुलाखतीतला १९ सेकंदांचा तुकडा काँग्रेसकडून फिरवला गेला. गाव, गरीब, मजूर, शेतकरी दुःखी आहेत. गावांत चांगले रस्ते नाहीत, प्यायला पाणी नाही, चांगले दवाखाने नाहीत, शाळा नाहीत. गडकरींनी खर्गे आणि जयराम रमेश यांना कायदेशीर नोटीस पाठवली. क्लिप काढा, लेखी माफी मागा. पूर्ण मुलाखतीत ते गावातून लोक शहरांकडे का आले याचं कारण सांगत होते आणि सरकार त्यावर काम करतंय असंही म्हणत होते. तेव्हा तुकडा पाडणं चूकच. यात मी पूर्णपणे गडकरींच्या बाजूनं आहे.

पण एक गंमत बघा. पूर्ण ऐकल्यावर मूळ गोष्ट बदलते का? रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा नाही म्हणून माणूस गाव सोडतो, हे १९ सेकंदांतही खरं आहे आणि तासाभरातही खरं आहे. मेळघाट किंवा गडचिरोलीत एकदा जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. काँग्रेस म्हणाली, बघा यांचाच मंत्री कबूल करतो. तिकडून उत्तर आलं, विपर्यास केला. या दोन वाक्यांच्या मधे ते गाव होतं तिथेच राहिलं.

हे फक्त गडकरींचं नाही. एप्रिल २०१३ आठवा. राज्यात दुष्काळ, उजनीच्या पाण्यासाठी आझाद मैदानावर उपोषण चालू, आणि अजित पवारांनी इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणात पाणी नाही यावर केलेला तो किळसवाणा विनोद. संताप योग्यच होता. त्यांनी माफी मागितली, कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला तो विनोद शब्दशः पाठ होता. पण त्याच्या आदल्या वर्षी सिंचनाच्या खर्चावरून केवढं वादळ उठलं होतं, कोणत्या कालव्याला किती पैसा गेला, यातलं मला काही माहीत नव्हतं. आमच्या गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींनी केलं आणि तीस वर्षांनंतरही कालव्यांची कामं चालूच होती, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. वाक्य लक्षात राहतं, कालवा नाही.

तुम्ही म्हणाल, मग सगळा दोष मीडियाचा. नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपुरातच पत्रकारांच्या पुरस्कार सोहळ्यात गडकरी पत्रकारितेतल्या आणि राजकारणातल्या मूल्यांबद्दल बोलत होते. ए. बी. बर्धनांची आठवण काढली, संघाचे विरोधक असूनही किती मोठा माणूस, वगैरे. चांगला विषय होता. आणि त्याच भाषणात सांगितलं की एका नेत्यानं मला पंतप्रधानपदासाठी पाठिंबा देऊ केला होता, मी नाही म्हटलं. नेत्याचं नाव सांगितलं नाही. आता समोर बसलेल्या पत्रकारांनी दुसऱ्या दिवशी बर्धनांवर मथळा करायचा का? इतकी वर्षं राजकारणात घालवलेल्या माणसाला मथळा कशाचा होतो हे कळत नसेल, असं मला तरी वाटत नाही. तेव्हा कोडं घालायचं आणि मग लोक कोडंच सोडवत बसले अशी तक्रार करायची, हे काही जमत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. १२ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत अपघातांवरच्या चर्चेत गडकरी म्हणाले की आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये रस्ते अपघातांचा विषय निघाला की मला तोंड लपवावंसं वाटतं. मंत्री झालो तेव्हा अपघात ५० टक्के कमी करायचं लक्ष्य ठेवलं होतं; कमी होणं सोडा, वाढलेत, हे कबूल करायला मला संकोच नाही. वर्षाला १ लाख ७८ हजार मृत्यू, त्यातले ६० टक्के १८ ते ३४ वयाचे.

ती क्लिपही आमच्या ग्रुपवर आली. यावेळी तुकडा पाडून काही उलटं दाखवलं नव्हतं. मी त्यावर लिहिलं, "असा प्रामाणिक मंत्री दाखवा!" खाली बारा जणांचे अंगठे.

त्या बारांत एक अंगठा माझ्या कॉलेजच्या मित्राचा होता. पुढच्या पावसाळ्यात तो रात्री गावाहून बाईकनं परत येत होता. हायवेवर डिव्हायडर तोडून केलेला कट होता, तिथे दिवा नाही, पाटी नाही, आणि समोरून ट्रॅक्टर वळला. तो वाचला. हेल्मेट होतं म्हणून वाचला. मांडीत रॉड, चार महिने पलंगावर, आणि हातातली ऑनसाइटची संधी गेली. वय २८. म्हणजे त्या ६० टक्क्यांच्या वयोगटातला, पण मेलेल्यांच्या आकड्यात नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ट्रॅक्शन लावलेल्या पायाकडे बघत तो म्हणाला, "तो कट बुजवला का रे कोणी?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मंत्र्यांच्या प्रामाणिकपणाला मी बारा अंगठे मिळवले होते, पण त्या रस्त्याबद्दल मला काडीचंही माहीत नव्हतं.

आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये काही कोसळलं की आरसीए लिहावा लागतो. त्यात तीन कॉलम असतात. काय झालं. का झालं. कोण, कधीपर्यंत दुरुस्त करणार. पहिला कॉलम तुम्ही कितीही प्रामाणिकपणे भरा, तिसरा रिकामा असेल तर क्लायंट तो डॉक्युमेंट तसाच परत पाठवतो. "तुमच्या स्पष्टवक्तेपणाबद्दल आभार" असं अजून तरी कोणत्या क्लायंटनं मला लिहिलेलं नाही.

गडकरींनी दुसरा कॉलमही भरलाय. मार्च २०२५ मध्ये त्यांनी सदोष डीपीआर बनवणाऱ्या सिव्हिल इंजिनिअर आणि कन्सल्टंटना अपघातांसाठी जबाबदार धरलं. आमच्या सिव्हिलवाल्या मित्रांना झोंबलं, पण त्यात तथ्य असणार. प्रश्न तिसऱ्या कॉलमचा आहे. ते डीपीआर मंजूर कोणी केले, नागपूरभोवतीचे कोणते ब्लॅकस्पॉट कोणत्या तारखेपर्यंत जाणार, आणि नाही गेले तर कोणाला जाब? हे विचारायला मोठी हिंमत लागत नाही, थोडा कंटाळवाणेपणा लागतो. आणि इथेच 'रोखठोक' या विशेषणाचा त्रास होतो. माणूस स्वतःच कबूल करून मोकळा झाला की पुढचा प्रश्न विचारणारा उगाच छळवादी वाटतो. चॅनलला घरचा आहेर मिळतो, विरोधकांना क्लिप मिळते, साहेबांना टाळ्या मिळतात आणि आम्हाला फॉरवर्ड करायला काहीतरी मिळतं. सगळेच खूश. तक्रार करणारा एकटा पलंगावर.

असं वाटू नये की मला न बोलणारे, लिहून आणलेलं वाचणारे मंत्री हवेत. अजिबात नाही. चुकीचा आकडा दडवणाऱ्यापेक्षा सांगणारा शंभरदा बरा. पण सांगणं ही सुरुवात झाली. अकरा वर्षं तेच खातं सांभाळणाऱ्याचं सांगणं तर फारच उशिरा झालेली सुरुवात.

मी माझ्यापुरता एक नियम केलाय. क्लिप आली की आधी मागची-पुढची पाच मिनिटं शोधायची. सापडली नाहीत तर पुढे पाठवायची नाही. आणि 'कोणाला हाणलं' हा प्रश्न विचारायचाच नाही. काल पोह्यांच्या ठेल्यावर प्रयत्न करून पाहिला. नवी क्लिप, तोच प्रश्न. मी म्हटलं, "विषय काय होता?" सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तर्रीत साखर मागितली असावी.

असो. मित्र आता काठी घेऊन चालतो. गेल्या रविवारी त्याला घेऊन त्याच रस्त्यानं त्याच्या गावी गेलो, दिवसा, कारनं. कटजवळ गाडी हळू केली. कोणीतरी दोन सिमेंटचे ड्रम आडवे लावलेत. मधून एक ट्रॅक्टर आरामात जाईल एवढी जागा ठेवून. त्यानं खिडकीतून फोटो काढला. कोणाला पाठवायचा, हे आम्ही दोघं घर येईपर्यंत ठरवत होतो. पत्ता शोधतोय. सापडला की तक्रार जाईल, तारखेसकट.