वाङ्मय मंडळे कोणाची?

अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयांत दरवर्षी वाङ्मय मंडळांची उद्घाटने होतात. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे भाषण, आभार. मग थेट २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. संगमनेरच्या मुलांना पाथर्डीच्या मुलांनी काय लिहिले याचा पत्ता नसतो.

कॅनडातील युक्रेनियन विद्यार्थ्यांनी १९५३ मध्येच विद्यापीठांतील आपल्या मंडळांचा देशव्यापी महासंघ स्थापला. तो मुलांनीच चालवला. १९७१ मध्ये कॅनडाने बहुसांस्कृतिकतेचे धोरण जाहीर केले, त्याआधीच्या चळवळीतही ही मुले होती. उत्तर अमेरिकेतील मराठी माणसांनी १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभारले खरे; पण ते मुख्यत्वे संसारी कुटुंबांच्या मंडळांचे.

आणि आपण? मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हांलाही झाला. पण वाङ्मय मंडळाचा विद्यार्थी-अध्यक्ष आम्ही नेमतो, विषय आम्ही ठरवतो, वार्षिकांकातील कविताही (कबूल करावे लागते) आम्हीच 'सुधारतो'. जिल्ह्यातील मंडळांचा संघ आता विद्यार्थ्यांनीच बांधावा. वर्गणी त्यांची, भांडणेही त्यांचीच. त्यांच्या पहिल्या अंकात आम्हां प्राध्यापकांवर टीका आली, तर तिला आम्ही हात लावू नये.