पूर ओसरला, भिंत अजून ओलीच

२०१५ मध्ये चेन्नईत आणि २०१८ मध्ये केरळात पुराचे पाणी असंख्य स्वयंपाकघरांत शिरले. पाणी ओसरताच नवी कपाटे बसवण्याची घाई होते. ती समजण्याजोगी आहे, कारण घराचे घरपण चुलीपासून सुरू होते. विज्ञान मात्र सबुरी सांगते.

विटांमधील सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने पूररेषेच्याही वर चढते आणि पृष्ठभाग कोरडा दिसला तरी आत कित्येक आठवडे टिकते. अशा भिंतीला कपाट टेकवले, की मागच्या दमट पोकळीत बुरशी वाढते. पार्टिकल बोर्डात सहसा वापरला जाणारा युरिया-फॉर्माल्डिहाइड डिंक ओलाव्याने विघटित होतो; फुगलेला बोर्ड पूर्ववत होत नाही. याउलट ‘आयएस ७१०’ मानकाच्या प्लायवूडच्या थरांची पकड ७२ तास पाण्यात उकळूनही सुटता कामा नये, अशी अट आहे.

भिंत वाळली का, हे पाहणेही सोपे आहे. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवावा. आतून थेंब साचले, तर थांबावे. पूरग्रस्तांपर्यंत पैशांबरोबर एवढे ज्ञानही पोहोचायला हवे. अन्यथा त्या मदतीतून उभे राहिलेले स्वयंपाकघर बुरशीच्याच स्वाधीन होईल.