डोंगर पाहा, पण खाणीसकट!

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत महाराष्ट्रातून गोव्याला जाणाऱ्या कुटुंबांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. कळंगुट नाहीतर कोलव्याचा किनारा, जुन्या गोव्याची चर्चेस, मंगेशी आणि शांतादुर्गेचे दर्शन, मांडवीतली बोटीची सफर आणि परतताना काजूची पाकिटे. चार दिवस मजेत जातात आणि ‘गोवा पाहिला’ असे म्हणत आपण घरी येतो. खरे तर आपण पाहिलेली असते ती पश्चिमेकडची एक चिंचोळी पट्टी. गोव्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरला आहे. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे ही तिथल्या तालुक्यांची नावे. वळणावळणाचे रस्ते, नारळी-पोफळीची कुळागरे, मध्येच एखादी नदी आणि पूर्वेला सह्याद्रीची निळसर भिंत. हाताशी गाडी असेल तर सकाळी न्याहारी करून निघावे आणि तिन्हीसांजेला मुक्कामावर परतावे, इतके हे सारे जवळ आहे.

अलीकडे या भागाकडे वळणारी मंडळी वाढली आहेत. ती आणखी वाढावीत असेच मला वाटते. मात्र हा नुसताच रम्य डोंगराळ मुलूख नव्हे. हा खाणींचा मुलूख आहे. साठएक वर्षे इथल्या टेकड्या फोडून लोहखनिज बाहेर काढले गेले. पर्यटनाच्या पुस्तिकांत धबधबा असतो, देऊळ असते, अभयारण्य असते. खाण तेवढी नसते. ही वगळावगळ बरी नव्हे. मुलाबाळांना घेऊन या डोंगरांत अवश्य जावे, पण डोंगर खाणीसकट दाखवावा, एवढेच आज सांगायचे आहे.

तीन दिवस, तीन वाटा

पहिली वाट उत्तरेची. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर गाडीसकट फेरीबोटीत चढावे, दिवाडी बेट ओलांडावे आणि दुसऱ्या फेरीने नार्वे गाठावे. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे मूळ देवालय पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केले. पुढे नार्वे येथे देवाची स्थापना झाली आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. मराठी माणसाने एकदा तरी पाहावे असे हे ठिकाण. तिथून मये येथील तलाव, डिचोली आणि पुढे साखळीजवळ हरवळे. हरवळ्याला धबधबा आहे, रुद्रेश्वराचे देऊळ आहे आणि लोक ज्यांना पांडवांची म्हणतात ती प्राचीन लेणीही आहेत. दिवस हाताशी असेल तर वाळपईपर्यंत जावे. तिथून म्हादईचे जंगल सुरू होते.

दुसरी वाट पूर्वेची. फोंड्यावरून उसगाव-तिस्क, धारबांदोडा करीत मोले. मोल्याजवळून फाटा फुटतो तो तांबडी सुर्लाच्या महादेवाकडे. कदंबांच्या काळातले, काळ्या दगडातले हे छोटेखानी देऊळ घनदाट झाडीत उभे आहे. भोवतालची माती तांबडी जांभ्याची आणि देऊळ मात्र काळे, त्यामुळे हा दगड घाटावरून आणला असावा असे मानतात. कुळ्याहून दूधसागरला जीपने जाता येते. पावसाळ्यात ही वाट बंद असते, हे लक्षात ठेवावे.

तिसरी वाट दक्षिणेची. मडगावहून कुडचडे, सावर्डे, सांगे. साळावली धरणाचा गोल सांडवा पाहून मुले हरखून जातात. याच धरणाच्या पाण्याखाली कुर्डी हे गाव गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की गावाचे अवशेष वर येतात आणि विस्थापित गावकरी आपल्या देवाच्या भेटीला तिथे जमतात. पुढे रिवणजवळ उसगळीमळ येथे कुशावती नदीच्या काठी जांभ्या दगडावर आदिमानवाने कोरलेली चित्रे आहेत. बैल, हरणे आणि एक चक्रव्यूहासारखी आकृती. १९९३ मध्ये गावकऱ्यांच्या मदतीने ती अभ्यासकांपुढे आली.

वाटेत जे दिसते आणि कुणी सांगत नाही

या तिन्ही वाटांवर अधूनमधून काही टेकड्या विचित्र दिसतात. माथा सपाट, उतार पायऱ्यापायऱ्यांचा आणि वर एकाच जातीची झाडे, बहुधा ऑस्ट्रेलियन बाभळी. मुलांनी विचारले तर ‘डोंगर आहे’ म्हणून मोकळे होऊ नये. तो डोंगर नाही, डंप आहे. म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा ढीग. गोव्यात एक टन खनिज मिळवायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड उपसावे लागतात. खनिज जहाजात बसून परदेशी गेले, माती गावात राहिली. तिच्यावर झाडे लावून ती धरून ठेवण्याचा प्रयत्न झाला. पण पावसाळ्यात गोव्यात पाऊस कसा कोसळतो हे निराळे सांगायला नको. जिथे डंप निसटला, तिथे खालच्या शेतात आणि ओढ्यात लाल गाळ उतरला.

डंपाच्या जवळपास कुठेतरी खंदक असतो. खाण बंद पडली की त्यात पाणी साठते. उन्हात ते हिरवे-निळे दिसते आणि पाहणाऱ्याला सरोवराचा भास होतो. हे सरोवर नव्हे. इथे पूर्वी टेकडी होती. ती पोखरत पोखरत माणसे गावातल्या विहिरींच्या तळापेक्षाही खाली गेली. खंदक कोरडा ठेवायला पंप लावून पाणी उपसावे लागे आणि त्या उपशाबरोबर आसपासच्या विहिरी आटत. लईराई देवीच्या जत्रेमुळे महाराष्ट्रातही ठाऊक असलेले डिचोली तालुक्यातील शिरगाव घ्या. खाणींनी वेढलेल्या या गावाच्या विहिरी कोरड्या पडल्या आणि गावकऱ्यांना न्यायालयात दाद मागावी लागली. निखाऱ्यांवरून चालणाऱ्या धोंडांचे गाव म्हणून आपण ते ओळखतो. पाण्यासाठी झगडलेले गाव म्हणूनही ते ओळखायला हवे.

हे सारे सुरू झाले पोर्तुगीज अमदानीत. दुसरे महायुद्ध संपल्यावर जपानला पोलादासाठी खनिज हवे होते. पोर्तुगीज सरकारने खाणींचे परवाने सढळ हाताने वाटले होते आणि गोव्याजवळ नद्यांचे आयते जलमार्ग होते. खाणीतून ट्रक, ट्रकमधून नदीकाठचा धक्का, तिथून बार्ज आणि मांडवी-जुवारीतून थेट मुरगाव बंदर, अशी साखळी बसली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण परवाने तसेच चालू राहिले; संसदेने कायदा करून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर केले ते १९८७ मध्ये. नव्या शतकात चीनची भूक वाढली. पूर्वी कमी प्रतीचा म्हणून फेकलेला मालही विकला जाऊ लागला आणि २०१०-११ च्या सुमारास निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली. त्या दिवसांत कुडचडे-सावर्डे किंवा तिस्क-उसगावच्या रस्त्यावर ट्रकांची माळ संपत नसे. झाडांची पाने लाल, कौले लाल, शाळेला जाणाऱ्या पोरांचे गणवेशही लाल.

मग न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला. बेकायदा उत्खननामुळे सुमारे पस्तीस हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज त्यात होता. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि खाणी पुन्हा थंडावल्या. २०२२ च्या अखेरीस सरकारने लिलाव सुरू केले आणि २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. म्हणजे आपण ज्या वाटेने सहलीला जातो, तिच्या एका बाजूला थांबलेली खाण असेल आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा सुरू होणारी.

पोटाचा प्रश्न

इथे एक सावधगिरी हवी. एसी गाडीत बसून खाणींना नावे ठेवणे फार सोपे. या गावांतल्या अनेकांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते. कुणी बार्जवर नोकरीला होता, कुणाचे गॅरेज होते, कुणाची बायको रस्त्याकडेला चहा-भजी विकून संसार चालवीत होती. खाणी थांबल्या आणि ट्रक दारात गंजत उभे राहिले. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. शेत तर आधीच गाळाखाली गेलेले. शेतीही गेली आणि खाणही गेली, अशी दुहेरी कोंडी ज्या घरांनी सोसली, त्यांना पर्यावरणाचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या घरातले पोलादी कपाट, आपली गाडी आणि आपल्या इमारतीच्या सळ्या कुठल्या ना कुठल्या डोंगरातूनच आल्या आहेत, हेही मुलांना त्याच दिवशी सांगावे.

आणि हा प्रश्न गोव्याच्या सीमेवर संपत नाही. आपल्या सिंधुदुर्गात रेडीला खाणी आहेत. तिथला प्रसिद्ध द्विभुज गणपती १९७६ मध्ये खाणीच्या परिसरातच सापडला. दोडामार्ग तालुक्यात कळण्याच्या लोकांनी खाणीला विरोध केला, तरी खाण आली आणि २०२१ च्या पावसाळ्यात तिथला कडा ढासळून पाणी आणि चिखल खालच्या वस्तीत व बागायतीत घुसला. बांदा-दोडामार्गमार्गे डिचोलीला जाणारी महाराष्ट्राची गाडी याच मुलखातून जाते.

‘सुट्टीत कशाला ही कटकट? मुलांना मजा करू द्या,’ असे काहीजण म्हणतील. मला तो युक्तिवाद पटत नाही. मुलांना मोठ्या यंत्रांचे, खोल खड्ड्यांचे आणि ट्रकांचे जात्याच आकर्षण असते. बाहेरच्या देशांत या कुतूहलाचा नीट उपयोग केलेला आहे. वेल्समधील ब्लेनाव्हन येथे ‘बिग पिट’ ही कोळशाची खाण १९८० मध्ये बंद पडली आणि तीनच वर्षांत ती संग्रहालय म्हणून उघडली. तिथे खाली नेणारे वाटाडे हे पूर्वीचे खाणकामगार. ब्लेनाव्हनचा सारा परिसर २००० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. अमेरिकेतल्या मुलांकडे जाणाऱ्या आपल्या आई-वडिलांना आता कोलोरॅडोतील यूरे ते सिल्व्हरटन हा घाटरस्ता दाखवला जातो. चांदी-सोन्याच्या जुन्या खाणींमधून जाणारा हा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता जगातल्या देखण्या रस्त्यांपैकी एक. पण २०१५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्याच एका जुन्या खाणीतून, सफाईचे काम चालू असताना, सुमारे एक कोटी लिटरहून अधिक दूषित पाणी फुटून बाहेर आले आणि ॲनिमास नदी नारिंगी झाली. त्या खाणीतले काम १९२० च्या दशकातच संपले होते. खाण बंद झाली म्हणजे तिचा हिशेब मिटला असे नसते, हा त्यातला धडा.

करता येण्याजोगे

गोव्यातही एखादा बंद खंदक सरकारने नीट कठडे बांधून, माहितीचे फलक लावून लोकांसाठी खुला का करू नये? तिथे वाटाडे म्हणून जुने ट्रकचालक, बार्जवरचे खलाशी आणि खाण-कामगार असावेत. ज्यांच्या विहिरी आटल्या त्या गावकऱ्यांनाही आपली बाजू तिथे सांगू द्यावी. पोटाचा प्रश्न यातून सगळा सुटणार नाही. पण चार घरांना मिळकत होईल, आणि पुन्हा सुरू होणाऱ्या खाणींवर बाहेरच्या लोकांचे लक्षही राहील. ज्या मुलखात कुणी येत-जात नाही, तिथे काय चालते हे कुणाला कळत नाही. सहलीची गाडी ही या अर्थाने एक साक्षीदार होऊ शकते.

तोपर्यंत आपल्या हातात आहे तेवढे करावे. खंदकात पोहायला कुणाला उतरू देऊ नये. कडा ठिसूळ असतो आणि पाणी किती खोल ते वरून कळत नाही. कुंपणाच्या आत जाऊ नये, रस्त्यावरूनच पाहावे. जेवण डब्यातून नेण्याऐवजी साखळी, सांगे, कुडचड्याच्या खानावळीत घ्यावे. उसगळीमळला किंवा तांबडी सुर्लाला स्थानिक माणूस सोबत घ्यावा आणि त्याला मोबदला द्यावा. आणि त्याच्याशी बोलावे. ‘खाण चालू होती तेव्हा कसे होते?’ एवढे विचारले तरी तो तासभर बोलतो. सगळे एकाच बाजूचे बोलत नाहीत. एकाच गल्लीत खाण हवी म्हणणारा आणि नको म्हणणारा शेजारी-शेजारी राहतात, आणि दोघांचीही कारणे खरी असतात. हे ऐकणे मुलांच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

यंदा गोव्याला गेलात तर चारातला एक दिवस समुद्राकडे पाठ फिरवा. सप्तकोटेश्वराला हात जोडा, हरवळ्याचे पाणी पाहा आणि मग रस्त्याच्या कडेला, पायऱ्यापायऱ्यांच्या त्या लाल टेकडीसमोर पाच मिनिटे गाडी थांबवा. मुले विचारतील, ‘हे काय आहे?’ त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्या.